मागे रस्ता नाही

नगररचनेच्या कचेरीत मी आयुष्यभर ट्रेसर होतो. ट्रेसर म्हणजे मंजूर नकाशावर पातळ कागद ठेवून रेघ न् रेघ गिरवणारा माणूस. गिरवायचं, डोकं चालवायचं नाही. जळगावच्या चहूबाजूंची किती शेतं माझ्या हाताखालून कॉलन्या होऊन गेली, देव जाणे. जो तो आपल्या शेताचा लेआउट वेगळा घेऊन यायचा. ह्याचा रस्ता बांधापर्यंत यायचा आणि बांधापलीकडे नेमका त्याच जागी दुसऱ्याचा प्लॉट असायचा. एकदा न राहवून म्हटलं, "साहेब, हे रस्ते एकमेकांना भेटतच नाहीत." साहेब म्हणाले, "ज्याचं शेत त्याचा नकाशा. तुम्ही गिरवा." मी गिरवलं.

एवढं माहीत असूनही रिटायर झाल्यावर मेहरूणच्या पुढे अशाच एका कॉलनीत मी घर बांधलं. शेवटचा प्लॉट मुद्दाम घेतला. रहदारी नाही, धूळ नाही, हॉर्न नाही. कुणी आलं की मोठ्या तोऱ्यात सांगायचो, "मागे रस्ताच नाही!" जशी काही लॉटरीच लागली होती मला.

बायको धुळ्याची. तिकडे पेठेतल्या गल्ल्यांना नंबर आहेत, एकीशेजारी एक अशा सरळ आखलेल्या. शेंबडं पोरसुद्धा गल्ल्या मोजत घरी पोचतं. ती चौथ्या गल्लीतली. पिठाची गिरणी दोन घरं सोडून, मारवाड्याचं किराणा दुकान कोपऱ्यावर, बांगड्या भरायच्या तर मणियार पुढच्या गल्लीत. दळण टाकायला निघालेली बाई चार ओट्यांवर चार गोष्टी करून तासाभराने घरी यायची, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही.

आमच्या कॉलनीत ओटा नाही. कंपाउंड आहे, लोखंडी गेट आहे, आणि गेटच्या आत प्रत्येकजण आपापला टीव्ही बघतो. साधी कोथिंबीर लागली तरी लोक म्हणतात, "गावात जाऊन येतो." गाव म्हणजे जुनं जळगाव, बाजारपेठ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बायको म्हणाली, "अहो, ते गाव, तर मग आपण कुठे राहतो? रानात?" मी हसलो. ती नव्हती हसली.

तरी तिने आपली सोय लावून घेतली होती. आमच्या घरामागे, बांधाच्या जागी, एक फट होती. त्या फटीतून पलीकडच्या कॉलनीत गेलं की भाजीवाली बसायची, मारुतीचं देऊळ होतं, संध्याकाळी पाच-सात बायका जमायच्या. ती रोज जायची. मग त्या फटीतून मोटारसायकली यायला लागल्या. आमच्या कॉलनीतले लोक चिडले, भिंत घालायचं ठरलं, आणि अर्ज लिहिला मी. अक्षर चांगलं ना माझं! सहीसुद्धा पहिली माझी.

भिंत उभी राहिली तेव्हा तिने विचारलं, "आणि मी कुठून जाऊ?"

"भाजी मी आणून देईन की. स्कूटर आहे."

ती आत निघून गेली. मला वाटलं, विषय मिटला. काय अक्कल पाजळली मी!

त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. गुडघे दुखतात म्हणायची. "माले आठे करमत नही," असं एकदा सरळच म्हणाली. मी म्हटलं, करमेल इथेही, होईल सवय.

एका दुपारी मी बँकेत गेलो होतो. तेवढ्यात ती मोठ्या रस्त्याने वळसा घालून एकटीच त्या भाजीवालीकडे गेली. येताना जुन्या सवयीने गल्ल्या मोजत निघाली. आमचंही घर कोपऱ्यावरून चौथ्या गल्लीत; चौथी आली, वळली. ती चौथी होती खरी, पण पलीकडच्या कॉलनीतली. समोर भिंत. फोन घरीच राहिलेला. तिथल्या एका बाईने पत्ता विचारला तर ही म्हणाली, "चौथी गल्ली." ती बाई म्हणाली, "इथे गल्ल्या नसतात मावशी, गट नंबर सांगा." गट नंबर हिला काय ठाऊक? तो मी गिरवलेला.

मी परतलो तर घराला कुलूप. हाका मारत घरामागे गेलो, आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "अहो, मी आठे शे!"

"थांब, आलो!" म्हणालो. भिंतीच्या वर तिला आमच्या गच्चीवर वाळत घातलेली तिचीच साडी दिसत होती. आणि तिच्यापर्यंत पोचायला मला हायवेपर्यंत जाऊन, सर्व्हिस रोडने फिरून, स्कूटरवरसुद्धा पाऊण तास लागला, कारण पलीकडच्या कॉलनीत मीही दोनदा चुकलो. ती कुणाच्या तरी पायरीवर बसली होती. मांडीवरची मेथी सुकून गेली होती. मला लाज वाटली. इतकी लाज मला उभ्या नोकरीत वाटली नव्हती.

कॉलनीच्या मीटिंगला उभा राहिलो. म्हटलं, भिंतीत निदान माणूस जाईल एवढं दार ठेवा. शेजारचे म्हणाले, "काका, अर्ज तुमचाच होता ना? सगळे मुद्दे पटलेत आम्हाला." मी खाली बसलो.

ती भावाकडे धुळ्याला चार दिवस म्हणून गेली. चाराचे पंधरा झाले, मग महिना झाला. फोनवर विचारलं, कधी येतेस? तर म्हणाली, "भित पाडी का?" नाही म्हटल्यावर म्हणाली, "मंग काबर येऊ?"

शेवटी मीच बसने गेलो. जळगाव मागे पडल्यापासून तिला काय म्हणायचं ते मनात घोळवत होतो. गल्लीच्या तोंडाशीच ती दिसली, हातात दळणाचा डबा. ताठ चालत होती. गुडघ्यांचं नावसुद्धा नाही. ओट्यावरच्या एका म्हातारीने माझ्याकडे बोट करून विचारलं, "अक्का, हे कोन?"

"जळगावना पाव्हना शेतस," ती म्हणाली.

ओट्यावरच्या सगळ्याजणी खदखदून हसल्या. मीही हसलो. तीही हसत होती. कित्येक महिन्यांनी तिला तसं हसताना पाहिलं आणि घोळवलेलं सगळं गिळून टाकलं. रात्री तिने भरीत-भाकरी वाढली, आग्रह करकरून वाढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पिशवी उचलली. निघणाऱ्या पाहुण्याला आपल्याकडे निदान "राहा की अजून दोन दिवस" म्हणतात. मी चपला घालत उंबऱ्याशी रेंगाळलो. ती म्हणाली, "लवकर निघा, बसमध्ये जागा मिळेल."