तीन नंबरची वाट आणि बावीस कोयते

तीन नंबरच्या वाटेवर एकतीस वर्षांत कुणाच्या पायात खुंट गेला नव्हता. जंगलातल्या वाटा साफ ठेवणारी माणसं पुष्कळ असतात, पण असं छातीवर हात ठेवून सांगू शकेल असा माणूस एकच होता, आणि त्याला सगळे जराथांब म्हणत. चल जेवायला, चल लग्नाला, चल, तुझ्या घराला आग लागलीय, काहीही म्हणा, त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं असे, "जरा थांब." मग तो हातातलं झुडूप पुरतं काढी, कोयता पुसून फडक्यात गुंडाळी आणि सावकाश निघे. आग एकदा खरोखरच लागली होती. तो पोहोचेपर्यंत ती विझली होती, आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जंगलाला वाट आवडत नाही. वर्षभर तिच्याकडे बघितलं नाही तर ते तिला पोटात घालतं. आधी दोन्ही कडांचं गवत आत वाकतं. मग एखादी वेल इकडून तिकडे हात टाकते. मग घाणेरी येते, आणि घाणेरी आली की माणूस सोडा, बकरीसुद्धा तोंड लावत नाही. जराथांब हे सगळं परतवत आला होता, आणि तेही एकाच कोयत्यानं. त्या कोयत्याला इतक्या वेळा धार लावली गेली होती की त्याचं पातं झिजून अंगठ्याएवढं रुंद उरलं होतं. एका सकाळी एका वाळक्या बुंध्यावर ते कट्कन तुटलं. जराथांब तुकडा हातात घेऊन बराच वेळ बसला आणि मग सरळ लोहाराकडे गेला.

"कोयता पाहिजे," तो म्हणाला.

"हे काय इथे बारा टांगलेत," लोहार म्हणाला. "घे एक."

जराथांबनं बाराही उतरवले. एकेक तळहातावर आडवा ठेवून तोल बघितला, मूठ वळली, पात्यावर नख वाजवून कान लावला. दुपार झाली. लोहार जेवून आला तरी हा नवव्या कोयत्यावर होता.

"अरे, तू गवत कापणार आहेस की याच्याशी संसार करणार आहेस?"

"नुसतं गवत असतं तर कुठलाही चालला असता," जराथांब म्हणाला. "गवताला लांब, हलकं पातं लागतं. वेलींना टोकाला आकडी लागते. बुंध्याला पुढं जड लागतं. माझ्या वाटेवर तिन्ही आहेत."

"मग तीन घे."

"हात एकच चालतो माझा," जराथांब म्हणाला.

शेवटी ठरलं की लोहारानं एक कोयता त्याच्या सांगण्याप्रमाणे घडवायचा, त्यानं तो वापरून बघायचा, आणि जे उणं असेल ते पुढच्यात सुधारायचं. इथपर्यंत कुणीही शहाणा माणूस करील तेच झालं. घोटाळा झाला तो बघायचं कुठं यावरून. तीन नंबरच्या वाटेवर कोयता चालवून बघायला तो काही तयार होईना. परका कोयता हाती असला की हात चुकतो. घाव तिरपा बसतो, जमिनीवर टोकदार खुंट राहतो आणि तो कुणाच्या तरी तळव्याची वाट बघत बसतो. वाट ही शिकायची जागा नाही, असं त्याचं मत होतं, आणि मत एकदा झालं की ते त्याच्या घरात खाट टाकून राहायला येई.

लोहाराच्या भट्टीमागं एक मोडकं कुंपण होतं, आणि कुंपणामागं जंगलच सुरू होई. पहिला कोयता तिथं चालवून बघितला. शंभर पावलं कापली की कोयत्याचा स्वभाव कळतो, हा त्याचा हिशेब. शंभर पावलं कापून तो परत आला आणि म्हणाला, "डावीकडे ओढतो."

दुसरा कोयता घडला. आता कापलेलं पुन्हा कापता येत नाही, म्हणून त्याची शंभर पावलं पहिला थांबला होता तिथून सुरू झाली. तो मनगटात बसेना. तिसऱ्याची मूठ घामानं फिरे. चौथा चांगला होता, पण त्याचा आवाज जराथांबला आवडला नाही.

"आवाज?" लोहारानं विचारलं.

"कुरकुर करतो कापताना. दिवसभर ती कोण ऐकणार?"

"तुझी मी रोज ऐकतोच ना?"

असं करत महिने गेले. तिकडे तीन नंबरच्या वाटेवर आधी गवत वाकलं, मग वेलींनी हात टाकले, मग घाणेरी आली.

त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला एकच घर होतं, आणि त्यात जराथांबची थोरली बहीण राहत होती. ती, अकरा बकऱ्या आणि चाळीस वर्षांचा तिचा एकटीचा कारभार. वाट टेकडीला मोठा वळसा घालून तिच्या दाराशी जाई, आणि दर आठवड्याला वाट साफ करत करत भाऊ तिच्याकडे पोहोचे. दोघं अंगणात बसून एकमेकांच्या चुका काढत. आता वाट बंद झाल्यावर ओढ्याच्या पात्रातून, दगडांवर उड्या मारत येणारा पोस्टमन तेवढा राहिला, आणि आक्का त्याच्या हाती चिठ्ठ्या पाठवू लागली.

पहिली चिठ्ठी होती, "कोयता जमला का?" दुसरी, "बायको बघतानाही असाच चोखंदळपणा केलास, म्हणून हातानं भाकऱ्या थापतोस." तिसरीत एवढंच होतं, "बकऱ्या तुझी आठवण काढत नाहीत. मीही नाही." ती वाचून जराथांबनं डोळे पुसले आणि लोहाराला मूठ अर्धा बोट जाड करायला सांगितली.

मग वनखात्याचं पत्र आलं. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी वाटांचे तपासनीस येतील. जी वाट चालण्याजोगी नसेल ती नकाशातून कमी करण्यात येईल, आणि तिच्या टोकाशी राहणाऱ्यांना अन्यत्र हलवण्यात येईल. अन्यत्र म्हणजे कुठं, हे पत्रात खाली पेनानं लिहिलं होतं: भावाकडे.

भावाची खोली एकच होती. त्यात एक खाट, एक चूल आणि फडक्यांचं एक बोचकं. जराथांबनं पत्र दोनदा वाचलं. आक्का उंबऱ्यावर बसून दिवसभर परक्या गल्लीकडे बघतेय, बकऱ्या विकून टाकल्यात, आणि ती काहीच बोलत नाही, असं त्याला दिसलं. ती काही बोलत नाही हे दिसल्यावर मात्र तो पत्र घेऊन तडक लोहाराकडे निघाला.

"चोवीस दिवस आहेत," लोहार म्हणाला. "आता कुठला तरी घे आणि जा. एकोणिसावा बरा होता की."

"एकोणिसावा उतावळा होता."

"कोयता उतावळा?"

"मी पोहोचायच्या आधी तो पोहोचायचा."

लोहारानं दोन्ही हात टेकले ते ऐरणीवर, आणि ऐरण तापलेली असल्यामुळे लगेच उचलले. पण विसावा घडवायला घेतला. मग एकविसावा. शेवटच्या शुक्रवारी दुपारी त्यानं बाविसावा पाण्यातून काढला, तेव्हा तपासनीस साहेब दारात उभे होते. त्यांच्या हातात लांब दांड्याचं मोजणीचं चाक होतं, आणि विजारीला गुडघ्यापर्यंत काटे लागले होते.

"तीन नंबरच्या पाटीपाशी जाऊन आलो," साहेब म्हणाले. "पाटी आहे. पाटीच्या मागे भिंत आहे घाणेरीची. एकतीस वर्षं इथं कामाला कोण आहे?"

"मी," जराथांब म्हणाला.

"मग काम कुठं आहे?"

"दाखवतो. जरा थांबा." त्यानं एका हातात एकविसावा घेतला, दुसऱ्यात बाविसावा, आणि साहेबांना मोडक्या कुंपणातून मागं नेलं.

साहेब चाक ढकलत चालू लागले. जराथांब सांगत होता, "हा पहिल्याचा तुकडा. डावीकडे ओढायचा, म्हणून इथं वळण आलंय. हा तिसरा, मूठ फिरायची, त्यामुळे सगळं नागमोडी. सहावा चांगला होता, बघा कसं सरळ गेलंय." साहेब वह्या तपासून तपासून थकलेले गृहस्थ होते. त्यांनी चाकाकडे बघितलं, पायाखाली बघितलं. कुठंही खुंट नव्हता. परक्या कोयत्यानंही त्यानं एकेक बुंधा जमिनीलगत काढला होता. चुकेल या भीतीनं दर खेपेला गुडघ्यावर बसून पुन्हा तासला होता.

"ही वाट कुठं जाते?" साहेबांनी विचारलं.

"ही वाट नाही साहेब. हा कोयत्यांचा तपास आहे."

"दोन हजार पावलं झाली."

"एकवीस कोयत्यांची एकवीसशे होतील."

तेवढ्यात समोरच्या जाळीपलीकडून आवाज आला. "हात मोडो तुझे, पुन्हा त्या दोरीला तोंड लावलंस तर." बकरीला हात नसतात हे आक्काला माहीत होतं, पण शिवी तिची जुनी होती. जराथांब जागच्या जागी उभा राहिला. टेकडीला वळसा न घालता, तिच्या खांद्यावरून वाकडातिकडा येत तपास आक्काच्या मागीलदारी येऊन ठेपला होता. मधे काटेरी जाळीची दहा पावलं उरली होती.

"आक्का," त्यानं हाक मारली.

पलीकडून आवाज आला, "कोण मेलं?"

"कुणी नाही. साहेब आलेत."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "माझी गाडी पाचची आहे. त्याआधी या घराच्या दारापर्यंत चाक गेलं तर मी वाट आहे असं लिहितो. कुठून का निघेना. पाटी काय, उपटून लोहाराच्या दारात रोवता येईल. नाही गेलं तर नाही असं लिहितो. कापा."

जराथांबनं उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. "वेली जास्त आहेत, तर एकविसावा. पण मधे दोन बुंधे आहेत. बुंध्यांना बाविसावा. आणि बाविसावा अजून बघितलेला नाही."

"अरे, साडेचार झाले," साहेब म्हणाले.

"आलं लक्षात माझ्या," आक्का पलीकडून म्हणाली. "माझं घर जाणार, आणि हा तोल बघत बसणार. एक कोयता इकडे दे."

"कुठला देऊ?"

"हातात असेल तो."

"दोन्ही हातात आहेत, आक्का."

साहेबांनी पुढं होऊन त्याच्या डाव्या हातातला एकविसावा काढून घेतला. तो रुमालात गुंडाळला, आक्काला बाजूला व्हायला सांगितलं आणि जाळीवरून पलीकडे फेकला. सरकारी नोकरीत त्यांनी आपणहून केलेलं हे पहिलंच काम असावं, कारण नंतर ते बराच वेळ आपल्या हातांकडे बघत होते.

आक्का तुटून पडली. तिचा घाव कमरेएवढ्या उंचीवर बसे, खुंट सुळ्यासारखे उभे राहत.

"तिरपं नको मारू," जराथांब ओरडला. "बुंध्याशी जा."

"तू तुझं बघ. पायात काही गेलं तर माझ्या पायात जाईल."

ते ऐकून त्याचा उजवा हात आपोआप चालू लागला. तोल बघायला वेळ नव्हता, आवाज ऐकायला वेळ नव्हता. बाविसाव्यानं पहिला बुंधा दोन घावांत काढला, दुसरा तीन घावांत. दोघं बहीणभाऊ जाळीच्या मधोमध समोरासमोर आले, घामानं निथळत, आणि आक्का म्हणाली, "वाळलास." साहेब दोघांच्या मधून चाक घेऊन गेले. दाराशी पोहोचून त्यांनी वही काढली, आकडा लिहिला, त्याखाली लिहिलं, "वाट आहे," आणि बकऱ्या मागं लागल्यासारखे आल्या वाटेनं पळाले. बकऱ्या खरंच मागं लागल्या होत्या.

एकविसावा आक्कानं परत दिला नाही. बकऱ्यांचा पाला तोडायला बरा आहे, म्हणाली. त्यामुळे जराथांबकडे एकच उरला.

लोहाराच्या दारात पाटी रोवली गेली, आणि येणारा जाणारा आता त्याच्या भट्टीतून जातो म्हणून तो कुरकुरतो.

दुसऱ्या दिवशी आक्का उठून मागीलदारी आली तर भाऊ तिनं कापलेल्या पाच पावलांत गुडघ्यावर बसला होता. तिचा एकेक खुंट जमिनीलगत काढत होता.

"काय करतोस?"

"तू केलेलं निस्तरतोय."

"कोयता कसा आहे?"

जराथांबनं बाविसावा तळहातावर आडवा धरला, थोडा वेळ बघितला.

"दांडा दोन बोटं कमी पडतो," तो म्हणाला, आणि पुढच्या खुंटाशी वाकला.