जलाशयातला नारळ

शारजाच्या टोकाला, रेतीच्या कडेला, शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे. जलाशय म्हणजे कमळं नव्हेत की बगळे नव्हेत. समुद्राचं गोडं केलेलं पाणी साठवणारी, वरून बंद अशी काँक्रीटची अवाढव्य टाकी. ती रिकामी करून घासण्यात संगमेश्वरच्या दगडूची उमेदीची वर्षं गेली.

गेल्या खेपेला टाकी धुणं चालू असतानाच गावी त्याची आई, ठकुबाई, वारली. इंजिनीयर विजयकुमारसाहेब, पुण्याचे, म्हणाले, "व्हेरी सॅड. पण माणसं कमी आहेत. टाकी भरली की जा, इन्शाल्ला." दगडू पोचला तेव्हा तेरावंसुद्धा उरकलं होतं. परत आल्यावर त्यानं सरळ ब्रश उचलला. गडी समजूतदार आहे, असं साहेबांना वाटलं.

यंदा टाकी धुऊन, क्लोरीन मारून तयार झाली त्याच संध्याकाळी साहेबांचं विमान होतं. पुण्यात मैथिलीचा, त्यांच्या एकुलत्या लेकीचा, साखरपुडा. टाकी भरायला घेतल्याशिवाय मात्र साहेबांची सुटका नव्हती.

"यल्ला, चला चला! लॅबची मॅडम आत बघून ओके म्हणाली की पाणी सोडू, मी सुटलो!"

"साहेब," दगडू अदबीनं म्हणाला, "घरात मंगलकार्य, आणि नारळ न फोडताच पाणी सोडायचं?"

साहेब थबकले. "आता नारळ कुठून आणू?"

"आणलाय ना. हळदकुंकूपण."

श्रद्धा आणि घाई एकत्र आल्या की शिक्षण जरा बाजूला सरकून बसतं. साहेब शिडीनं उतरले. स्वच्छ तळावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, लेकीचं नाव घेऊन पाणी शिंपडलं. दगडूनंही हात जोडले. मनात आईला म्हणाला, बघ गं.

मग लॅबच्या उझमामॅडम टॉर्च घेऊन उतरल्या.

"ये लाल क्या है?"

"मॅडम, थोडी... पूजा."

"पीने का पानी है, सर. फिर से धोना, फिर से क्लोरीन. खलास."

"मेरी फ्लाइट है!"

"इनचार्ज आप हैं ना?"

मॅडम गेल्या. साहेब गरकन वळले. "दगड्या, तुला माहीत होतं!"

"होतं ना," दगडू म्हणाला. "तुम्हालाही होतं."

दुसऱ्या दिवशी टाकीच्या छतावर, उन्हात, साहेब मोबाइलवर साखरपुडा बघत होते. "डॅड, यू आर फ्रोझन!" मैथिलीचा आवाज येत होता.

खाली जोडीदार सोमनाथ ब्रश आपटत होता. "तुझ्यापायी डबल काम, भडव्या!"

"हळू घास," दगडू म्हणाला. "आपल्याला कुठं जायचंय?"