तात्यासोंचं मुरलेलं पाणी

तात्यासो मगदूम शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत माल तपासायचे. ओतकामावर बारीक डाग दिसला की खडूनं फुली मारायची, यातच त्यांची नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर फुली मारायला घरात फक्त राजमतीकाकूंचा स्वयंपाक उरला. आईची सुटका व्हावी म्हणून लेक रोहिणीनं काचेची टाकी आणि एक लाल फायटर मासा आणून दिला.

थोड्याच दिवसांत माशाचे पर फाटले. तात्यासो दुकानात गेले.

"काका, देशी बदामाचं वाळकं पान टाका," दुकानदार म्हणाला. "पाणी चहागत हुतंय, पन माशाला मानवतंय."

"आनि ह्या खाद्यात कांदा-लसूण न्हाय न्हवं?" तात्यासोंनी डबी फिरवत विचारलं. घर पक्कं जैन.

"न्हाय की. निस्ती सुकी मासळी हाय."

तात्यासोंनी डबी रुमालात गुंडाळली. ती कायम स्कूटरच्या डिकीतच राहिली. माशाच्या जेवणवेळी ते खाली जाऊन चिमूटभर घेऊन येत.

पानांचं मात्र उघड्यावर चाले. रोज सकाळी गल्लीतल्या अंगणांमधल्या बदामांखाली ते उभे. पान तोडलेलं नको, आपसूक गळलेलंच हवं. किडकं, ओलं, धुळीनं माखलेलं नापास. नापास पान ते ज्याच्या त्याच्या अंगणात परत टाकत.

रोहिणीला बघायला इचलकरंजीचे बाबगोंडा पाटील मुलाला घेऊन आले, त्या दिवशी राजमतीकाकूंनी टाकी घासूनपुसून नळाचं पाणी भरलं. पाहुणे पोहे खात होते. तात्यासोंनी टाकीकडं पाहिलं. मासा तळाला कोपऱ्यात पडून होता.

"पाणी कुणी बदललं?"

"मी. पावण्यांच्या म्होरं गढूळ डबकं ठेवायचं व्हय?"

"गढूळ न्हवं ते, मुरलेलं हुतं!" म्हणत तात्यासो बाहेर पडले.

आपलं काहीतरी चुकलं असं वाटून बाबगोंडा पोह्यांची बशी घेऊनच मागोमाग गेले. झाडाखाली गोष्ट कळल्यावर त्यांनी बशी कठड्यावर ठेवली आणि वाकून एक पान उचललं.

"हे?"

"डाग हाय."

"मग हे?"

"दांडा हिरवा हाय, पावणं."

बऱ्याच वेळानं बाबगोंडांचं एक पान पास झालं. यंत्रमागांचा हा मालक दहावीचा निकाल लागल्यासारखा खुलला. तिकडं दोघांचे वडील बाहेर आणि काकू चहा टाकायला आत, म्हटल्यावर रोहिणी आणि मुलगा मोकळं बोलले. दोघांनाही हे लग्न नको होतं. मोठी माणसं परतल्यावर तसं त्यांनी हसत सांगून टाकलं.

तात्यासोंनी आदल्या आठवड्यात साठवलेलं पाणी टाकीत भरलं, पानं सोडली. हळूहळू मासा वर आला.

सोयरीक जमली नाही, पण बाबगोंडा दर रविवारी पानं वेचायला येतात. इचलकरंजीत त्यांनी मोठी टाकी घेतली आहे. मासा अजून आणलेला नाही. "आदी रंग तर चढू दे," असं घरच्यांना सांगून ते संध्याकाळभर नुसत्या पाण्यासमोर बसतात.