जमुनेच्या नावाची चिठ्ठी

रक्ताची नळी उभी केली की हरसिंगभाऊ राठोड तासभर तिच्यासमोरून हलत नसत. आम्ही बाकीचे घड्याळाकडे लक्ष ठेवून दुसऱ्या कामाला लागायचो. ते मात्र हात मागे बांधून उभे. काचेच्या बारीक नळीत वर पिवळसर पाणी सुटत जाई, लाल थर खाली बसत जाई, आणि तासाभरात तो किती उतरला तेवढा आकडा ते चिठ्ठीवर लिहीत.

यवतमाळच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत मी लागले ते एकोणसाठ साल. वडील कचेरीत कारकून, आणि घरातल्या मुलींपैकी नोकरी करणारी मी पहिलीच. पहिल्या दिवशी मी त्यांना बसायला स्टूल दिलं. ते म्हणाले, "राहू द्या, बाई. चिठ्ठीकडं कोनी पाह्यलं नाही, म्हनून माही बहीन गेली."

हरसिंगभाऊ दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यातले. मॅट्रिक होऊन नागपूरला हे काम शिकून आले होते. मला त्यांनी तपासणी शिकवली ती अशी: अंगात कुठं सूज धरली, की रक्तात काही प्रथिनं वाढतात. त्यातलं एक चिकट असतं. त्यानं तांबड्या पेशी एकमेकींना धरतात, जड होतात आणि भराभर खाली बसतात. "मानूस कन्हला तर ढोंग म्हनता येते," ते म्हणत. "नळीले ढोंग येत नाही." नागपूरला आता अशाच एका प्रथिनाची थेट तपासणी निघाली आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. एवढ्यावर ते थांबत नसत. बकरी, बैल, घोडी, जे हाती लागेल त्याचं रक्त ते नळीत भरून पाहत. बैलाच्या रक्ताचा थर तासभरात जागचा हलत नाही, आणि घोडी धडधाकट असली तरी तिचं रक्त भरकन खाली उतरतं, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

त्यांची बहीण जमुना यवतमाळातल्याच एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला होती. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं त्या वर्षी, छप्पन साली, तिला ताप आला, गुडघे सुजले. भावानं रक्त तपासलं. धडधाकट माणसाचा थर वीस मिलिमीटरच्या आत राहतो, तिचा ऐंशीच्या पुढं उतरला. ती चिठ्ठी घेऊन ते कारखान्याच्या डॉक्टरांकडे रजा मागायला गेले. डॉक्टरांचं नाव मी लिहीत नाही, त्यांची नातवंडं आहेत. त्यांनी चिठ्ठी उघडलीही नाही. तांड्याच्या पोरी सणावाराला आजारी पडतात, असं म्हणून त्यांनी तिला कामावर पाठवलं. घरी राहिली असती तर हजेरीपटावरून नाव कटलं असतं. जमुना उभ्यानं कापूस लोटत राहिली. सांध्यांतली सूज हृदयापर्यंत गेली, आणि सात महिन्यांत ती वारली. एकोणीस वर्षांची होती.

हरसिंगभाऊ त्यावर कधी रडले नाहीत. देवावर सोडून द्या, असं कोणी सांगितलं की म्हणत, "माफी देनं पुजाऱ्याचं काम हाय. मी रक्त तपासतो." मला ते बोलणं कठोर वाटे.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी कारखान्यानं नियम केला, की आजारपणाच्या रजेला आमच्याकडची रक्ताची चिठ्ठी जोडायची. त्याच डॉक्टरांना ते सोयीचंच झालं. त्यांनी कामगारांना तपासणंच सोडलं. आकडा मोठा दिसला की रजा लिहायची, लहान दिसला की परत पाठवायचं. चिठ्ठ्या शिपाई नेई आणि डॉक्टरांच्या सह्या घेऊन आणी.

एके सकाळी हरसिंगभाऊंनी दवाखान्यासमोरच्या टांग्याच्या घोडीचं थोडं रक्त घेतलं. थर नव्वदच्या पुढं गेला. मग चिठ्ठी माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "माहं अक्षर डॉक्टर वळखते. तुमी लिहा. जमुना राठोड, वय एकोणीस. ताप हाय, गुडघे सुजले."

मी विचारलं, "हे बरोबर आहे का, भाऊ?"

"नाही," ते म्हणाले. "लिहा."

मी लिहिलं.

दुपारी कागद सही होऊन आला. डॉक्टरांना ते नाव आठवलंही नव्हतं. त्यांनी लिहिलं होतं: रुग्णास मी स्वतः तपासले. सांधे सुजलेले असून हृदयास अपाय होण्याचा धोका आहे. सहा आठवडे पूर्ण विश्रांती द्यावी, उभ्याने काम देऊ नये.

मला वाटलं होतं, भाऊ हसतील. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टुलावर बसले. मग उठले, टोपी नीट केली आणि कागद घेऊन थेट आमच्या दवाखान्याच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले.

चौकशी झाली. मेलेल्या मुलीच्या नावावर घोडीचं रक्त, आणि खाली 'मी स्वतः तपासले' अशी सही. गावभर झालं. टांगेवाले डॉक्टरांचा बंगला आला की घोडीला मोठ्यानं विचारत, तब्येत दाखवायची का. कारखान्यानं डॉक्टरांना काढलं, आणि वर्षाच्या आत ते बंगला बंद करून नागपूरला गेले. खोटी चिठ्ठी केली म्हणून हरसिंगभाऊंचीही नोकरी गेली. अक्षर कोणाचं, हे त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, माझंच. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते आणि आत गेले नाही.

पाच-सहा वर्षांनी एका लग्नाला पांढरकवड्याला गेले, तेव्हा त्यांना शोधून काढलं. गुरांच्या दवाखान्यात होते, केस पिकले होते. नागपूरला डॉक्टर वारल्याचं मी सांगितलं. दोन वर्षं हृदयाच्या दुखण्यानं अंथरुणावर होते म्हणे. भाऊंनी मान हलवली. मी म्हणाले, "आता तरी मनातून काढून टाका."

ते शांतपणे म्हणाले, "पयले मले वाटे, त्याले कळतच नसंन. अडानी मानसाले सोडून देता येते. मंग तो कागद वाचला. सारं बरोबर लिवलं होतं, एक शब्द चुकला नाही. त्याले येत होतं, बाई."

आणि बाहेर बैल धरून थांबलेल्या माणसाला त्यांनी आत बोलावलं.