दुःखाच्या घरचा डबा

रिबकाआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यावर चिडलेलो होतो. असं लिहू नये म्हणतात, पण खरं तेच आहे. जुन्या जालन्यात माझं वह्या-पुस्तकांचं लहानसं दुकान आहे. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि आत्याच्या शेजारणीचा फोन आला, "भाऊ, आत्या उठून न्हाई राह्यल्या. जल्दी या." मी शटर अर्धं ओढलं आणि रिक्षात बसलो. बसल्यावर आठवलं की चारच दिवसांपूर्वी मी तिच्या घरातून चहाचा कप अर्धा टाकून तरातरा निघून आलो होतो. तीच आमची शेवटची भेट. तिनं मला पुन्हा तेच काम सांगितलं होतं, आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं होतं.

सांत्वन सभेत चर्चचे पाळकसाहेब बोलले, मंडळीतल्या बायका बोलल्या. सोशिक होती, शांत होती, देवमाणूस होती... मी मागच्या रांगेत बसून मनात म्हणत होतो, अहो, ही कुठली बाई? आत्या सोशिक वगैरे अजिबात नव्हती. हट्टी होती. एकदा एखादी गोष्ट चांगली आहे असं तिच्या मनानं घेतलं की समोरच्याला ती करायला लावल्याशिवाय सोडत नसे. माझे वडील, बापू, प्राथमिक शाळेत गुरुजी होते. आत्या त्यांची धाकटी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. तीस-बत्तीस वर्षं तिनं दवाखान्यात नर्सची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर दोन खोल्यांत एकटी राहिली. सगळा हट्ट मग माझ्या वाट्याला आला.

तिचा सगळ्यात मोठा हट्ट म्हणजे तो पितळी डबा. आमच्या भागात माती झाली की त्या घरात चूल पेटवत नाहीत. सोयरे, शेजारी जेवण नेतात, त्याला कडू घास म्हणतात. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्यातलं असो, ओळखीच्या घरी मयत झालं की आत्याचा डबा तिथं जायचाच. ज्वारीच्या भाकरी आणि पिठलं, तेही कमी तिखटाचं, कारण रडून रडून घसा सोललेला असतो म्हणे. या डब्याचे तिनं दोन नियम केले होते. एक, ज्यानं डबा नेला त्यानंच तो परत आणायला जायचं, म्हणजे त्या घरी माणसाचं दुसऱ्यांदा जाणं होतं. पहिल्या दिवशी गर्दी असते, खरं बोलणं दुसऱ्या वेळी होतं. आणि दोन, डबा न धुता आणायचा. दुःखातल्या बाईला आपलं भांडं घासायला लावायचं नाही. घासायचं ते आपल्या घरी आणून. डबा नेणारा बहुतेक वेळा मीच, कारण मोटरसायकल माझ्याकडे.

आता बाबारावाचं सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आमचं गाव वाटूरच्या पुढं, आत. गावात आमची ख्रिस्ती घरं चारच, आणि ओढ्यापलीकडे आमच्या कबरींचा एक लहानसा तुकडा. माझी आजी तिथं आहे. बापूंची एकच इच्छा होती, मला आईजवळ ठेवा. चौदा वर्षांपूर्वी ते गेले, तेव्हा आम्ही त्यांना जालन्याहून गावी नेलं. कबरींकडं जायची वाट बाबारावाच्या शेताच्या बांधावरून होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आमच्या चार घरांनी त्याच्या माणसाला मत दिलं नाही, हा त्याचा राग. त्यानं वाटेवर बाभळीच्या काट्या आणून टाकल्या आणि स्वतः पुढं उभा राहिला. "वाट बंद हाये," एवढंच म्हणाला. वैशाखाचे दिवस होते. शेतात पीकसुद्धा नव्हतं, नुसती नांगरलेली ढेकळं. आम्ही हात जोडले, कुणाकुणाला फोन केले, सगळे म्हणाले बघतो. दुपारी बारापासून चारपर्यंत बापूंची पेटी लिंबाखाली ठेवलेली होती आणि आत्या पदरानं पेटीवरच्या माश्या हाकत बसली होती. शेवटी टेम्पोत पेटी चढवून आम्ही जालन्याला परत आलो आणि दिवस मावळता मावळता इथल्या दफनभूमीत मूठमाती दिली. परतीच्या त्या वाटेवर मी टेम्पोत मनाशी ठरवलं होतं, हा माणूस मरेल त्या दिवशी मी पेढे वाटीन.

आणि आत्यानं काय ठरवलं? दुसऱ्या दिवसापासून तिनं संध्याकाळच्या प्रार्थनेत बाबारावाचं नाव घ्यायला सुरुवात केली. बापूंच्या बायकोपोरांसमोर, आमच्याच घरात बसून! "प्रभू, बाबारावाचं मन मोकळं कर, त्याच्या हातानं ती वाट उघडू दे." मी डोळे मिटून दात खायचो. चर्चमध्ये गेलो की पुलपीटवरून पाळकसाहेबांचं तेच, वैऱ्यावर प्रेम करा. ऐकायला काय जातं? ज्यानं बापाची पेटी उन्हात तिष्ठत ठेवली त्याचं नाव रोज आदरानं कानावर घ्यायचं, हे कुणी करून बघावं. दहा वर्षं तिनं हे एक दिवसही चुकवलं नाही. आणि दहा वर्षांत त्या काट्या इंचभरही हलल्या नाहीत.

चार वर्षांपूर्वी गावच्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला, बाबाराव सकाळी गेला, दुपारी माती. मी तडक मिठाईच्या दुकानात गेलो, अर्धा किलो पेढे घेतले आणि आधी आत्याकडे. खोटं कशाला बोलू, पायात बळ आलं होतं. तिनं पुडा बघितला, विचारलं, कशाचे? मी सांगितलं. ती पाटावर बसली आणि रडायला लागली... बापूंच्या वेळी रडली होती तशी. मी म्हणालो, "आत्या, तू रडून कुणासाठी राह्यली, कळतंय का?"

"दहा वर्ष मागितलं रे त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मानूस जित्ता हाये तवर त्याला चांगलं व्हायची सवड असती. आता त्याची सवड संपली. वाट उघडायची राहूनच गेली त्याच्या हातून. त्यात पेढे कशाचे वाटतू?"

बायबलमधलं एक वचन मलाही लहानपणापासून पाठ होतं, वैरी पडला तर हर्ष करू नये. रविवारच्या शाळेत ते म्हणून दाखवल्याबद्दल मला पेन्सिल मिळाली होती. पण पाठ असणं वेगळं. मी तिच्यासमोरच एक पेढा तोंडात टाकला. गोड लागला. ती उठली आणि पिठाचा डबा काढला. मला वाटलं राग घालवायला काहीतरी करते आहे. तासाभरानं तिनं पितळी डबा फडक्यात बांधून माझ्या हातात ठेवला आणि सांगितलं, बाबारावाच्या घरी नेऊन दे. मी म्हणालो, शक्य नाही. ती म्हणाली, मग मी एसटीनं जाते. तेव्हा ती सत्तरीला आलेली, गुडघे गेलेले. मला असं कोंडीत धरणं तिला बरोबर जमायचं. तणतणत मी गाडीला किक मारली.

वाटूरपर्यंत गेलो. फाट्यावरच्या हॉटेलात चहाला थांबलो तर बाकावर आमच्याच गावची दोन माणसं मातीहून परतलेली. बाबाराव नाना गेले, मोठा माणूस गेला, असं चाललेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते उठून गेल्यावर मी फडकं सोडलं आणि तिथंच बसून ती पिठलं-भाकरी खाल्ली. भूक नव्हती. चार भाकरींतल्या दोन बळेच संपवल्या, उरलेल्या हॉटेलच्या कुत्र्याला घातल्या. नळावर डबा घासून लख्ख केला, डिकीत टाकला आणि परत आलो. आत्याला सांगितलं, दिला. पाच-सहा दिवसांनी तिनं डबा आणायला पाठवलं. मी दोन-अडीच तास मित्राच्या दुकानात काढले आणि डिकीतला डबा नेऊन दिला.

तिनं झाकण काढलं, आत बघितलं, वास घेतला. इतकी वर्षं तिचे डबे वाहिले आणि ऐनवेळी नियमच विसरलो होतो. "धुतला कुनी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, त्यांनीच धुतला असेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. तिनं डबा फळीवर ठेवला आणि मला चहा दिला. दुसऱ्या दिवशी दुकानात कळलं की आत्या सकाळच्या एसटीनं वाटूरकडे गेली, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं.

त्यानंतरची चार वर्षं आमच्यात हे एकच भांडण. ती वर्षातून दोन-तीनदा त्या घरी जायची, बाबारावाच्या बायकोजवळ बसून यायची. आणि मला म्हणायची, एकदा तू जा. पेढ्याचं सांगू नको, पण डब्याचं खरं काय ते त्या बाईला सांग आणि घडीभर बस. मी विचारायचो, वाट उघडली का त्यांनी? नाही ना? मग मी का जाऊ? ती नुसती म्हणायची, "ते त्यांचं राह्यलं. तुझं तू कर." शेवटच्या दिवशी हेच म्हणाली, आणि मी म्हणालो, "मेलेल्या मानसापायी तू जित्त्या मानसाचा जीव खाऊन राह्यली." कप खाली ठेवला आणि निघालो. दारापर्यंत येऊन ती म्हणाली, "अशोक, गाडी हळू चालीव." मी मागं वळून बघितलं नाही.

तिच्या मातीच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलायला लागली तेव्हा, आमच्या दारात एक मोटरसायकल थांबली. तिशीचा माणूस, पायजम्याला चिखल, हँडलला स्टीलचा डबा. मी ओळखलं नाही. "सलाम, काका," तो म्हणाला. आमच्या घरी सलाम म्हणायचं असतं, हे त्याला आत्यानंच शिकवलं असणार. "मी गनेश. बाबारावांचा." मला बस म्हणायचंही सुचलं नाही, माझ्या बायकोनं खुर्ची दिली. त्याच्या आईनं पिठलं-भाकरी करून दिली होती, स्वतःच्या हातानं. कमी तिखटाचं. तो घोटभर पाणी प्यायला, आत्याच्या फोटोकडं बघत बसला. मग म्हणाला, "आमचे नाना गेल्ते तवा तुमचा डबा आल्ता. आठ दिवस आईला जेवन जात नव्हतं, पयल्यांदा पोटभर त्यातलं खाल्लं व्हतं तिनं. ती इसरली न्हाई."

मी म्हणालो, "आत्यानं आणला होता तो."

"आनला आत्यानं. पन त्या म्हन्ल्या, अशोकनं पाठवला. लई उशीर झाला त्याला, म्हने, पन पाठवला."

खोटं बोलणारी बाई नव्हती ती. जन्मात एकदा खोटं बोलली, ते माझ्यासाठी, आणि तेही त्या घरात. मला कृतज्ञ वगैरे वाटलं असं म्हणायला हवं, पण मला आधी रागच आला. न विचारता माझ्या नावानं जेवण घालून आली, आणि चार वर्षं मला सांगितलं नाही. नुसतं जा, जा, म्हणत राहिली, आणि मी नाही, नाही. आता तिच्याशी भांडायचं म्हटलं तरी ती नाही. बाबारावाबद्दल ती जे म्हणाली होती ते मलाही लागू पडतं, फक्त माझी सवड अजून संपलेली नाही... हेही तिनं मुद्दाम केल्यासारखं वाटतं.

गणेश जाताना दारात थांबला. वाटेचं काही बोलेल असं वाटलं, पण ते तो बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. काट्या अजून तिथंच आहेत. "डबा मीच न्यायला येतो," तो म्हणाला. "तुम्ही नका आनून देऊ. आत्याचा तसाच रूल व्हता. पेरनी झाली की येतो."

त्याला आता तिसरा आठवडा. पेरणी लांबली आहे. त्या दिवशीचं पिठलं आम्ही सगळ्यांनी खाल्लं, मीही खाल्लं. डबा आमच्या ओट्यावर पाण्याच्या माठाजवळ आहे. कडेला पिठलं वाळून पापुद्रे सुटले आहेत, झाकण उघडलं की वास येतो. बायको रोज म्हणते, मुंग्या लागतील, टाकू का घासून? मी घासू देत नाही, आणि त्यावरून आमची रोज कुरबूर होते. काल गणेशचा फोन आला, रविवारी येतो म्हणाला. मी म्हणालो, ये, पण घाईत येऊ नको, वाटूरच्या हॉटेलातल्या एका डब्याचं तुला सांगायचं आहे. तो म्हणाला, बरं काका. फोन ठेवून मी ओट्यापाशी गेलो, डब्याचं झाकण नीट लावलं आणि डबा न धुता तसाच जागेवर ठेवला.