हौसाआत्या ‘व्हय’ म्हणाली नाही

रविवारची दुपार आहे. जेवण जरा जास्तच झालंय, पंखा घरघरतोय, आणि वृषाली शेडगे पलंगावर डोळे मिटून संध्याकाळचं भाषण मनात घोळवते आहे. ‘मी चेटकिणींच्या घराण्यातली आहे’ हे पहिलं वाक्य. ते म्हणून जरा थांबायचं, बायकांकडे बघायचं. किती थांबायचं हे ठरवता ठरवताच तिच्या पापण्या जड होतात.

वृषाली पुण्यात चांद्रमंडळ चालवते. नाव ऐकून दचकू नये, तिथे कुणी लिंबू-टाचण्या घेऊन बसत नाही. परदेशात जुन्या निसर्गदेवतांची पूजा नव्याने मांडणारे पेगन लोक आहेत, त्यांची पुस्तकं वाचून हिने ती इथे आणली. पौर्णिमेला सोसायटीच्या गच्चीवर बायका गोल बसतात, मेणबत्त्या लावतात, चारी दिशांना हाका मारतात आणि स्वतःला ताठ मानेने चेटकीण म्हणवतात. ज्या शब्दाने बायकांना मारलं तोच शब्द आपण दागिन्यासारखा घालायचा, असं वृषाली त्यांना सांगते. बायका चांगल्या आहेत, नोकरी आणि संसार ओढून दमलेल्या. महिन्यातून एकदा त्यांना उघड्यावर मोठ्याने ओरडायला मिळतं, त्यात कुणाचं काय जातं?

आज मात्र जाणार आहे. आज पूर्वजांना बोलावायची पौर्णिमा आहे आणि गोलाच्या मध्यभागी वृषालीच्या हौसाआत्याचा फोटो ठेवायचाय. हौसाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तळसंगवाडीत तिला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलं होतं, आणि बाहेरच ती मेली. फोटोखाली लावायची ओळ वृषालीने झोकात लिहून ठेवली आहे: आमच्या घराण्यातली पहिली चेटकीण.

पंख्याची घरघर लांब जाते. गादी एका बाजूला दबते.

“सरक की तिकडं,” हौसाआत्या म्हणते.

पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, पाय अनवाणी आणि धुळीचे. वृषाली घाबरत नाही, उलट हरखते. इतक्या पौर्णिमा हाका मारून घसा कोरडा केला, आज कुणीतरी आलं एकदाचं. ती म्हणते की आत्या, मी तुला संध्याकाळी बोलावणारच होते.

“ठावं हाय. म्हनून तर आधी आले.”

आवाजात माया नाही. आत्या उठते, बेडरूमचं दार उघडते आणि पुढे चालू लागते. दाराबाहेर लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये मेंढ्यांच्या लेंड्या पडल्या आहेत आणि लिफ्ट खाली न जाता आडवी जाते, पण वृषालीला त्याचं काही वाटत नाही. दार उघडतं तेव्हा समोर माळ आहे. सोसायटीच्या पार्किंगचे नंबर घातलेले खांब माळावर ओळीने उभे आहेत आणि त्यातल्या दोन खांबांच्या आधाराने आत्या गावाबाहेर राहायची ते छप्पर टेकलं आहे.

वृषाली भारावून छपराकडे बघते आणि मंडळात सांगते तेच आत्यालाही सांगू लागते. तुला झाडपाल्याचं ज्ञान होतं, तुझ्यात शक्ती होती, म्हणून गाव तुला घाबरलं, असं सगळं. ज्याचं त्याला सांगणं म्हणतात ते हेच.

आत्या ऐकून घेते आणि छपराच्या दाराशी उगवलेलं एक झुडूप ओरबाडते.

“हे काय हाय, सांग.”

“अडुळसा.”

“खोकून खोकून मेले मी. ह्यो दारात हुता. मला पाला म्हंजे शेळीनं खायाचा, येवढंच ठावं.” ती पानं वृषालीच्या अंगावर फेकते. “शक्ती म्हनं.”

वृषाली खजील होत नाही. तिला राग येतो. तिला मनातून ठाऊक आहे काय झालं होतं ते. हौसाआत्या विधवा होती, तोंडाची फटकळ होती, आणि विहिरीला लागून असलेला जमिनीचा तुकडा तिच्या नावावर होता. गावातलं एक पोर तापाने गेलं. देवऋषीने सुपात तांदूळ घेऊन बघितलं आणि हिचं नाव काढलं. एवढंच. पण एवढ्यावर पौर्णिमा उभी राहत नाही. मग वृषालीने त्यात थोडी जडीबुटी घातली, थोडा चंद्र घातला, आणि तो भाग बायकांना फार आवडला. आयत्या बिळावर नागोबा कसा बसतो ते बघायचं असेल तर चांद्रमंडळाच्या गच्चीवर जावं.

“मी तुझा मान करतेय, आत्या,” ती चिडून म्हणते. “गावाने तुझं नाव टाकलं. सख्ख्या भावाने टाकलं. मी ते घेतेय.”

“माजं न्हाई घेत. त्येंनी ठेवल्यालं घेतीस.”

माळावर आता चावडी आहे. चावडीला गच्चीचा कठडा आहे आणि कठड्याला टेकून मंडळातल्या सगळ्या बायका बसल्या आहेत, हातात मेणबत्त्या, डोळ्यांत उत्सुकता. मधोमध हौसाआत्या उभी आहे. पदर ओढून काढलेला, डोकं भादरलेलं. कुणीतरी तिचा दंड धरलाय. वृषाली देवऋषीला शोधते. घोंगडी अंथरलेली आहे, तांदळाचं सूप आहे, आणि त्या घोंगडीवर ती स्वतः मांडी घालून बसली आहे.

“इचार,” आत्या म्हणते. “त्येनं इचारलं तसं.”

वृषालीच्या तोंडून प्रश्न आपोआप निघतो. तू चेटकीण आहेस का? बायका टाळ्या वाजवतात.

“न्हाई.”

आत्या एवढंच म्हणते, आणि मग टाळ्या थांबेपर्यंत वाट बघते. मग ती जे सांगते ते वृषालीला कुणी कधीच सांगितलेलं नाही, वडिलांनीही नाही. गावाने तिला हाकलल्यावर देवऋषी तिच्याकडे एकटा आला होता. म्हणाला, एकदा व्हय म्हण. चावडीवर, सगळ्यांसमोर, एकदाच. मग मी नारळ फोडून तुझ्यातलं काढून टाकतो, गाव तुला परत घेतंय, भाऊ दार उघडतोय. “तुजा बापसुदिक आला हुता गं मागनं,” आत्या म्हणते, “पाया पडला माज्या. अक्का, म्हन की व्हय, काय जातंय, म्हनला.”

“आणि?”

“न्हाई म्हनले. त्या एका शबुदासाठी भाईर राह्यले. पान्याला पाय झिजले, तापात कुनी तोंडात पानी घातलं न्हाई. पर व्हय म्हनले न्हाई. मरताना बी न्हाई.” ती वाकते, तिचं तोंड वृषालीच्या तोंडाशी येतं. “आनि तू आज फुकट व्हय म्हननार. माज्या नावानं.”

वृषालीला माफी मागावीशी वाटते. त्याहून जास्त तिला वाटतं की हे सगळं संध्याकाळी सांगता येईल, केवढं परिणामकारक होईल. आत्या ते तिच्या चेहऱ्यावर वाचते. ती सुपातले मूठभर तांदूळ उचलते आणि वृषालीचा जबडा धरून तोंडात कोंबते.

“चाव. खोट्याच्या तोंडाला पानी सुटत न्हाई, म्हनायचा त्यो देवऋषी. माज्या तोंडातनं पेज निघाली, तर म्हनला, बघा, करनी केली. तुजं बघू.”

वृषाली चावते. दाण्यांचा भुगा होतो, भुग्याचं पीठ होतं, पीठ टाळ्याला चिकटतं. ती जिभेने लाळ शोधते. मंडळातल्या बायका मेणबत्त्या पुढे करून तिच्या तोंडात बघायला वाकतात.

मोबाइल वाजतो.

खोलीत दुपारचं ऊन आहे, पंखा चालू आहे. गच्चीची व्यवस्था बघणाऱ्या नलिनीताई बोलत असतात, नेहमीसारख्या घाईत. फोटो मध्यभागी ठेवलाय, हार घातलाय, इतका जिवंत चेहरा आहे ना तुमच्या आत्याचा. ती खालची ओळ तेवढी चिकटवायची राहिली आहे, चिकटवू का?

वृषाली उठून बसते. उशाजवळची पाण्याची बाटली तोंडाला लावते आणि घटाघटा अर्धी संपवते. मग तळहातावर थुंकते. हातावर पांढरं पीठ पडतं, ठणठणीत कोरडं.

“ताई, ऐकताय ना? नुसतं हो म्हणा, मी लावते,” नलिनीताई म्हणतात.