तिजोरीची खंडेनवमी

इथले अनुभव मी जेवणाच्या सुट्टीत वाचते आणि बहुतेकांना मनातल्या मनात एकच प्रश्न विचारते – आधी फ्यूज तपासला होता का? कारखान्यात बावीस वर्षं एचआर सांभाळलंय. आजारपणाची रजा खरी की खोटी, हे मला अर्जाच्या अक्षरावरून कळतं. भूतखेत, संकेत, आत्मे या भानगडीत मी कधी पडले नाही. तरीही हे लिहितेय, कारण यातला फ्यूज माझा तपासून झालाय. तीनदा.

जागा – छत्रपती संभाजीनगर, शेंद्रा एमआयडीसी. गाड्यांचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी, नाव नको. ऑफिसच्या तळमजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला सर्व्हर रूम. एकच दार, खिडकी नाही. दाराला बोटाच्या ठशाचं कुलूप आणि दारावर रोखलेला कॅमेरा.

या खोलीच्या कोपऱ्यात एक वेगळा सर्व्हर आहे. त्याला आम्ही तिजोरी म्हणतो. कंपनीच्या सगळ्या कामाची रोजची प्रत तिच्यात जाते. आणि जे बाहेर फुटलं तर माणसाचं वाटोळं होईल, ते फक्त तिच्यातच राहतं – आधार, बँक खाती, मेडिकल रिपोर्ट, महिला तक्रार समितीतले जबाब. हा नियम माझा. समितीची अध्यक्षही मीच.

गेल्या वर्षी त्यात सुनीताचा जबाब होता. नाव बदललंय. पिशोरची, असेंब्ली लाइनवर काम करणारी. तक्रार सुपरवायझरविरुद्ध. जबाब देताना ती म्हणाली, "मॅडम, हे गावात कळलं तर घरचे मला उद्यापासून कंपनीच्या बसमधी बसू देणार नाय."

मी म्हटलं, "इथून कागद बाहेर गेला तर मी राजीनामा देईन."

"तुमच्या राजीनाम्यानं माझं काय भागतंय?"

बरोबर होतं तिचं. मग मी नुसतं "जाणार नाही" एवढंच म्हटलं.

आता गायकवाड काका. तिजोरी बसवली ती त्यांनी. आमचे जुने सिस्टिम टेक्निशियन. खंडेनवमीला आमच्याकडे सगळा प्लांट थांबतो. मशिनी धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडू वाहतात. कॉम्प्युटरही सुटत नाहीत. काका बौद्ध. ते पूजा करत नसत, पण कुणाला अडवतही नसत. म्हणायचे, "तुमी बाकीच्या मशिनींना फुलं वाहा. मी हिला सुट्टी देतो."

सगळ्यांचं आटोपलं की घट्ट पिळलेल्या फडक्यानं ते तिजोरी पुसायचे. मागची नेटवर्कची निळी वायर काढायचे, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी गुंडाळायचे, मधोमध पांढऱ्या दोऱ्यानं बांधायचे आणि तिजोरीच्या डोक्यावर ठेवायचे. मग दसऱ्याला दीक्षाभूमीवर हजर राहायचं म्हणून नागपूरची गाडी. "दोन दिवस मी नसतो मॅडम. माझ्या मागं हिला काय झालं तर बघायचं कुणी?"

ऑडिटरनं आक्षेप घेतला – दोन दिवस प्रत निघत नाही. मी काकांना मेमो दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, सही केली आणि पुढच्या खंडेनवमीला पुन्हा वायर काढली.

एकदा सिक्युरिटीवाले म्हणत होते की सर्व्हर रूममधून आवाज येतात. काका हसले. "भूतबीत काय नसतं. असतं ते लूज कनेक्शन."

गेल्या वर्षीच्याच उन्हाळ्यात काका गेले. हार्ट अटॅक. त्यांच्या जागी फरहाना आली – हुशार, तोंडाची फटकळ, म्हणजे माझ्या पसंतीची. तिला मी लेखीच दिलं – खंडेनवमीला वायर काढायची नाही.

खंडेनवमी आली. दुपारी सर्व्हर रूममध्ये पूजा झाली. काका नव्हते, म्हणून तिजोरीवर पहिल्यांदाच फूल चढलं. मीच वाहिलं, कुंकूही लावलं. आमच्या प्लांट हेड साहेबांनी फोटो काढले. सगळे बाहेर पडल्यावर साडेतीनला मी स्वतः दार लावलं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, शेजारच्यांना आपट्याची पानं देत होते, तेव्हा फरहानाचा फोन आला. "मॅडम, सब लॉक हो गया. एक पण फाइल उघडत नाही. स्क्रीनवर धमकी आहे."

सिडकोतून गाडी काढून वीस मिनिटांत पोचले. प्रत्येक स्क्रीनवर तोच मजकूर – तीन दिवसांत पैसे द्या, नाहीतर कर्मचाऱ्यांची सगळी खासगी माहिती जगजाहीर करू. साहेब फोनवर म्हणाले, "देऊन टाकू. कंपनीची अब्रू आहे." तेवढ्यात सुनीताचा फोन. कामगारांच्या ग्रुपवर बातमी पोचलीच होती.

"मॅडम, माझा जबाब त्याच्यातच हाय ना?"

"आहे."

"मंग?"

"अर्ध्या तासात सांगते."

फरहाना आणि मी सर्व्हर रूममध्ये गेलो. बाकीच्या सगळ्या मशिनींवर सुकलेला झेंडू, कुंकवाची बोटं. तिजोरी स्वच्छ. पुसलेली. मी लावलेलं कुंकूही नाही. मी वाहिलेलं फूल शेजारच्या टेबलावर, एक पाकळी न चुरगळता ठेवलेलं. आणि तिच्या डोक्यावर निळी वायर... आठच्या आकड्यात गुंडाळलेली, मधोमध पांढरा दोरा.

फरहानानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काढली?"

"मनाई मी केली, मीच काढू?"

"मग कोणी?"

मी म्हटलं, "ते नंतर. आधी आत काय आहे बघ."

तिनं लॅपटॉप थेट तिजोरीला जोडला. सगळं जागेवर. एका फाइलला धक्का नाही. वायरच नव्हती, चोर येणार कुठून?

नंतर छडा लागला. साहेबांनी पूजेचा फोटो तिथूनच फेसबुकवर टाकला होता, सगळ्या जगाला दिसेल असा. त्यात हार, निरांजन, आणि मागच्या मॉनिटरला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी. खंडेनवमीच्याच संध्याकाळी सहाला चोर त्याच पासवर्डनं आत शिरले. मी साहेबांना एवढंच म्हटलं, "पूजा यंत्राची करायची असते साहेब, पासवर्डची नाही." ते बराच वेळ चहा ढवळत राहिले. त्यात साखर नव्हती.

पण त्याच फोटोत तिजोरीही आहे. तिच्यावर माझं फूल आहे आणि मागे निळी वायर जोडलेली स्पष्ट दिसतेय. तिजोरीच्या नोंदीत वायर निघाल्याची वेळ आहे – चार वाजून दहा मिनिटं. दाराच्या नोंदीप्रमाणे साडेतीनला मी दार लावल्यानंतर दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी जाईपर्यंत ते उघडलेलंच नाही. कॅमेरा मी पूर्ण पाहिला. रिकामा कॉरिडॉर. चाराच्या सुमारास पुढे सरकलेला उन्हाचा पट्टा, बाकी काही नाही.

असो. त्या दिवशी तिजोरी तपासून झाल्याबरोबर मी सुनीताला फोन लावला. अर्धा तास व्हायला चार मिनिटं बाकी होती.

"तुझा जबाब जागेवर आहे. चोर घरात शिरले, पण तिजोरीपर्यंत पोचले नाहीत."

ती म्हणाली, "बरं. मंग सोमवारी फर्स्ट शिफ्टला येते."

आम्ही एक रुपया दिला नाही. पोलिसांत रीतसर तक्रार केली आणि तिजोरीतल्या प्रतीवरून चार दिवसांत सगळा प्लांट उभा केला. फरहाना तेवढे दिवस ऑफिसातच डबा खात होती. चिडून चोरांनी हाती लागलेलं सगळं जाहीर केलं – कँटीनचा मेनू, बसच्या वेळा आणि साहेबांची पंधरा ऑगस्टची भाषणं. भाषणं कुणी उघडून पाहिल्याचं ऐकिवात नाही. महिन्याभरात समितीचा निकाल लागला, सुपरवायझर घरी गेला. सुनीता आज त्याच लाइनची लीडर आहे आणि तिच्या बसमध्ये पिशोरच्या आणखी दोघी बसतात.

फरहाना अजून म्हणते, "मॅडम, वायर ढिली असेल, निघाली असेल." काकाही हेच म्हणाले असते. ढिली वायर निघते, मान्य. पण ती स्वतःला गुंडाळून, दोऱ्याची गाठ मारून, फूल उचलून बाजूला ठेवत नाही. पोलिसांच्या तज्ज्ञानंही तीनदा विचारून शेवटी विषय सोडला.

या वर्षीपासून खंडेनवमीला तिजोरीची वायर अधिकृतपणे निघते, माझ्या सहीनं. आणि काकांच्या फाइलमधला तो मेमो मी रद्द केला. रद्द करायच्या फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना असतो. बावीस वर्षांत कुणाचाही रकाना मी रिकामा चालवून घेतलेला नाही, फॉर्म परत पाठवते. हा एकच फॉर्म फाइलला तसाच लागलाय. सही आहे, शिक्का आहे, कारण कोरं.